बंद फडाचा हिशेब

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि तोच देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला. २०२१ साली पाडवा १३ एप्रिलला आला. त्या संध्याकाळी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून राज्यभर संचारबंदी जाहीर केली. निर्बंध पूर्ण उठले ते थेट २०२२ च्या पाडव्याला. पंचांगातला हा योगायोग इतरांच्या लक्षात राहायचं कारण नाही. मोहोळ तालुक्यातल्या पैलवानाला मात्र तो विसरता येत नाही. पाडवा झाला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेला कुस्त्यांचा फड लागतो. पैलवानाच्या वर्षभराच्या खुराकाचा बराचसा खर्च या दोन-अडीच महिन्यांच्या इनामांतून निघतो. ते दोन हंगाम एकापाठोपाठ एक बुडाले.

त्याच काळात जगभर एक प्रश्न तावातावाने चर्चिला जात होता: महामारी सुरू असताना व्यावसायिक फुटबॉल पुन्हा सुरू करावा का? मोहोळला व्यावसायिक फुटबॉल नाही. इथला व्यावसायिक खेळाडू म्हणजे लाल मातीतला मल्ल. तरीही हा प्रश्न इथून तपासून पाहण्यासारखा आहे, कारण त्या वादात मैदान उघडणाऱ्यांचं बोलणं खूप ऐकू आलं. ज्यांचं मैदान बंदच राहिलं त्यांचं फारसं आलं नाही.

आधी युरोपचं पाहू. १९ फेब्रुवारी २०२० रोजी मिलानच्या सान सिरो मैदानावर अटलांटा आणि व्हॅलेन्सिया यांचा सामना झाला. त्यासाठी बेर्गामोतून सुमारे ४० हजार लोक गेले होते. पुढच्या काही आठवड्यांत बेर्गामो हा इटलीतल्या साथीचा सर्वांत भीषण टापू ठरला आणि तिथल्या अनेकांनी या सामन्याकडे बोट दाखवलं. प्रेक्षकांनी भरलेलं मैदान साथीत काय करू शकतं, याबद्दल त्यानंतर दुमत उरलं नाही. वाद उरला तो रिकाम्या मैदानाचा. फ्रान्सने एप्रिलअखेर हंगाम गुंडाळून पॅरिस सेंट जर्मेनला विजेता ठरवलं. नेदरलँड्सने तर विजेताच जाहीर केला नाही. जर्मनीने १६ मे रोजी प्रेक्षकांविना बुंडेसलिगा सुरू केली. डॉर्टमुंडने शाल्केला ४-० असं हरवलं, तेव्हा गोलनंतरचा जल्लोषही अंतर राखून करावा लागला.

जर्मन लीगची बाजू रोखठोक होती. प्रक्षेपणाचे पैसे आले नाहीत तर कित्येक क्लब बुडतील. आणि खेळाडूंच्या चाचण्यांना देशाच्या एकूण चाचणीक्षमतेचा अर्धा टक्काही लागणार नाही. या दुसऱ्या मुद्द्यात मला खरी कसोटी दिसते. खेळ अत्यावश्यक आहे का, हा वाद कधी संपणारा नाही. आपल्या खेळामुळे दुसऱ्या कोणाची चाचणी, खाट किंवा रुग्णवाहिका अडते का, याचं उत्तर मात्र देता येतं.

आपल्याकडे ही कसोटी गोव्यात लागली. २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग संपूर्णपणे गोव्यात झाली. २० नोव्हेंबर ते १३ मार्च या काळात फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान अशा तीन ठिकाणी ११ संघांनी ११५ सामने खेळले. संघ हॉटेलांत बंदिस्त, चाचण्या ठरलेल्या, गॅलऱ्या ओस. अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला गोल केला आणि मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-१ असं हरवलं. पहिली लाट ओसरलेली होती, दुसरी अजून भरात यायची होती. त्या चार महिन्यांत ही लीग खेळवणं योग्यच होतं, असं माझं मत आहे. तिने कोणाची खाट अडवली नाही, आणि घरात कोंडलेल्या लोकांना संध्याकाळी पाहायला काहीतरी मिळालं.

पुढच्याच महिन्यात मुंबईत जे घडलं त्याबद्दल हे म्हणता येत नाही. १४ एप्रिल २०२१ च्या रात्री राज्यात संचारबंदी लागली आणि १५ तारखेला वानखेडेवर आयपीएलचा सामना झाला. या सामन्यांना सरकारने मोकळीक दिली होती. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याच संध्याकाळी वानखेडेवर चेन्नई आणि कोलकाता यांचा सामना रंगला. खेळाडू तेच नियम पाळत होते, मैदान तसंच रिकामं होतं. फरक बाहेरच्या परिस्थितीत होता. गावोगाव नातेवाईक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी वणवण फिरत असताना एका खेळासाठी रुग्णवाहिका आणि डॉक्टर राखून ठेवणं हा गुन्हा नसेल, पण अनीती नक्कीच होती. अखेर ४ मे रोजी स्पर्धा थांबवावी लागली, तीही संघांतच बाधित सापडले म्हणून.

म्हणजे ‘सुरू करावं की नाही’ याला एकच कायमचं उत्तर नाही. नोव्हेंबरात जे योग्य होतं ते एप्रिलात अयोग्य ठरलं. इथवर बहुतेक विचारी माणसं सहमत होतील. अडचण यापुढे आहे.

गोव्यात लीग चालू असताना कोल्हापुरात काय होतं? कोल्हापूरच्या फुटबॉलची मुळं तालमींत आहेत. पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा ही संघांची नावं म्हणजे तालमींचीच नावं. मार्च २०२० मध्ये शाहू स्टेडियमवरचा हंगाम अर्ध्यावर थांबला. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव, २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळलेला मुलगा, गोव्यातल्या बंदोबस्तात जमशेदपूरकडून खेळत होता, कारण तो लीगपर्यंत पोचला होता. ज्या पेठांतून असे खेळाडू घडतात, त्या पेठांतल्या खेळाची जबाबदारी कोणत्याही प्रक्षेपण कराराने घेतली नव्हती.

त्याच कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत मोहोळचा सिकंदर शेख घडला. वडिलांनी हमाली करून पोराला पैलवान केलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला त्याने महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. त्याच्यामागे आमच्या भागातली अशी कितीतरी पोरं आहेत, ज्यांच्या घरी दूध, तूप, बदाम यांचा खर्च म्हणजे दर महिन्याची ओढाताण असते. तालमी बंद झाल्या तेव्हा ही पोरं वळकटी उचलून गावी आली आणि रानात कामाला लागली. कुस्तीगिराची उमेदीची वर्षं मोजकीच. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाला. त्यानंतरची स्पर्धा एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात भरली. मधल्या काळात ज्यांचं वय निघून गेलं, त्यांची नोंद कुठेच नाही. आणि फडावर एकटा पैलवान जगत नाही. हलगीवाला, निवेदक, फेटे बांधणारा, मैदानाबाहेर भेळेचा गाडा लावणारा, या सगळ्यांचा हंगाम तोच असतो.

यावर रास्त आक्षेप येईल की कुस्ती आणि फुटबॉल सारखे कसे? फुटबॉलमध्ये खेळाडू मोकळ्या हवेत आणि एकमेकांपासून बहुतेक वेळ दूर असतात. कुस्तीत श्वासाला श्वास भिडतो. शिवाय जत्रेच्या फडाला तिकीट नसतं, दार नसतं. गर्दी अडवायची कशी? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच फड बंद ठेवणं योग्य होतं, असंच मी म्हणेन. पण पैसा आणि व्यवस्था असली की कुस्तीसुद्धा सुरक्षितपणे होऊ शकते, हे २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोत दिसलं. प्रेक्षकांविना भरलेल्या त्या ऑलिंपिकमध्ये रविकुमार दहियाने रौप्य आणि बजरंग पुनियाने कांस्यपदक मिळवलं. तेव्हा साथीत कोणता खेळ सुरू राहतो हे धोक्याइतकंच खिशावरही ठरतं.

सत्तेवरही ठरतं. साखर कारखाने अत्यावश्यक ठरले आणि ऊस गाळत राहिले. ते समजण्यासारखं आहे, उभा ऊस थांबत नाही. पण १७ एप्रिल २०२१ रोजी, संचारबंदी सुरू असताना, शेजारच्या पंढरपूर-मंगळवेढ्यात पोटनिवडणुकीचं मतदान झालं. त्याआधीच्या प्रचारसभांना गर्दी लोटली होती. त्याआधीच्या वर्षी आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरीत आल्या होत्या आणि वारकऱ्यांनी ते मुकाट सोसलं होतं. वारी थांबू शकते, फड थांबू शकतो. सभा मात्र थांबत नाही. असं दिसल्यावर लोकांचा नियमांवरचा विश्वास उडाला तर दोष लोकांना देता येत नाही.

मग करायला काय हवं होतं? उत्तर पुन्हा जर्मनीतून घेता येईल. मार्च २०२० मध्येच बायर्न, डॉर्टमुंड, लाइपझिग आणि लेव्हरकुसन या चार सधन क्लबांनी अडचणीतल्या क्लबांसाठी २ कोटी युरोंचा निधी उभा केला. त्यात उपकाराची भावना कमी आणि व्यवहार अधिक होता: खालचे क्लब मेले तर वरची लीग कोणाशी खेळणार?

आपल्याकडे १३ एप्रिल २०२१ च्या त्या पाडव्याला संचारबंदीबरोबर ५,४७६ कोटींची मदतही जाहीर झाली. परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम कामगार आणि घरेलू कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये. रक्कम तुटपुंजी होती, पण निदान त्यांची नावं यादीत होती. जत्रेच्या फडावर जगणारा मल्ल आणि हलगीवाला त्या यादीत नव्हते. कारण साधं आहे: त्यांची नोंदच नाही. खेळ खात्याच्या लेखी ते पदक आणेपर्यंत खेळाडू नाहीत आणि कामगार खात्याच्या लेखी ते कामगार नाहीत.

म्हणून तीन गोष्टी आत्ताच, साथ नसताना, ठरवून टाकाव्यात. पहिली: कोणत्याही साथीत व्यावसायिक खेळाला परवानगी देताना जिल्ह्यातल्या खाटा आणि ऑक्सिजन यांची स्थिती हाच निकष असावा आणि ती बिघडली की परवानगी आपोआप रद्द व्हावी. दुसरी: बंद दाराआड खेळून जे प्रक्षेपणाचे पैसे कमावतील, त्यांच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा त्याच राज्यातल्या थांबलेल्या खेळांना मिळावा. तिसरी: तालमीतल्या मल्लांची आणि फडावरच्या कलावंतांची जिल्हावार नोंदणी व्हावी. हे शेवटचं काम जत्रा कमिट्यांना सहज जमेल. कोणाची कोणाशी जोड लावायची, कोणाला किती इनाम द्यायचं याच्या याद्या त्या दरवर्षी करतातच. लोकवर्गणीतला थोडा भाग बाजूला ठेवला तर बंद हंगामासाठी गावाचा स्वतःचा निधीही उभा राहील.

महामारीत फुटबॉल सुरू करावा का, याचं माझं उत्तर असं आहे: दवाखाने मोकळे असतील आणि थांबलेल्यांचा वाटा आधी बाजूला काढला असेल, तर जरूर करावा. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर टाळं सगळ्यांच्याच मैदानाला लागावं, वानखेडेलाही आणि मोहोळच्या आखाड्यालाही.