फक्कीच्या रेघा

१९४१ साली एडी रॉबिन्सन उत्तर लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग या आडगावच्या कॉलेजात अमेरिकी फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांचं वय होतं २२. त्याआधी ते पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर राबत होते. वडील बटईने शेती करायचे, आई लोकांच्या घरी कामाला जायची. कॉलेज फक्त कृष्णवर्णीयांचं, म्हणून पैशाने कायम तंगीतलं. मैदानाचं गवत प्रशिक्षकानेच कापायचं, फक्की टाकून रेघा त्यानेच आखायच्या, सामन्याची बातमीही त्यानेच लिहून वर्तमानपत्रांना पाठवायची. परगावच्या सामन्याला निघताना सँडविच बांधून घ्यावी लागत, कारण वाटेवरच्या खाणावळी या मुलांना आत घेत नसत. पहिल्या हंगामात ३ विजय, ५ पराभव. पुढच्या वर्षी नऊच्या नऊ सामने जिंकले आणि समोरच्या एकाही संघाला गुण करू दिला नाही.

ही कहाणी नेहमी जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी सांगणं अपुरं वाटतं. जिद्दीचं कौतुक करता करता, ती दाखवायला कुणी भाग पाडलं हा प्रश्न आपण विसरतो.

अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. समोरचा बचाव वाचायचा, क्षणात निर्णय घ्यायचा, चेंडू फेकायचा. कृष्णवर्णीय मुलगा धावेल, धडक देईल, पण डोकं चालवण्याची जागा त्याची नव्हे, असं व्यावसायिक संघ मानून चालत. कॉलेजात उत्तम क्वार्टरबॅक असलेल्या मुलांना तिथे गेल्यावर दुसऱ्या जागेवर हलवलं जाई. रॉबिन्सन यांनी या समजाशी वाद घातला तो सरावातून. त्यांनी घडवलेला जेम्स हॅरिस १९६९ मध्ये बफेलोच्या व्यावसायिक संघाचा क्वार्टरबॅक म्हणून हंगामाच्या पहिल्याच सामन्यात उतरला. त्यांचाच दुसरा शिष्य डग विल्यम्स याने वॉशिंग्टनकडून खेळताना जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, एकट्या दुसऱ्या सत्रात चार टचडाउन पास फेकले, वॉशिंग्टनने डेन्व्हरला ४२-१० असं हरवलं आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही विल्यम्सच ठरला. भाषणांनी जे हललं नसतं ते त्या पंधरा मिनिटांत हललं, असं मी मानतो.

पण याच कहाणीची दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. नामवंत प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्या अलाबामा विद्यापीठाच्या मुख्य संघातून १९७१ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू सामन्यात उतरला नव्हता. दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्या विद्यापीठांची तऱ्हा हीच होती. त्यामुळे लुइझियानातली गुणी पोरं ग्रॅम्बलिंगकडे येत, आणि तिथून दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक संघांत गेले. मग दारं उघडली. मोठ्या विद्यापीठांकडे शिष्यवृत्त्या होत्या, भव्य स्टेडियम होती, टीव्ही होता; ती पोरं तिकडे वळली. हे व्हायलाच हवं होतं, रॉबिन्सन यांनाही तेच हवं होतं. मात्र विद्यापीठांनी खेळाडू उचलले, गुरू नाही. मोठ्या विद्यापीठांच्या वरच्या गटात पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नेमला गेला १९७९ मध्ये, विचिटा स्टेटला, विली जेफ्रीज. तेव्हा रॉबिन्सन साठीचे होते आणि ग्रॅम्बलिंगमध्येच होते. समता आली ती खेळाडू नेणाऱ्यांच्या सोयीने आली, असं म्हणण्याला माझ्यापाशी हाच आधार आहे.

१९८५ मध्ये त्यांनी ब्रायंट यांचा कॉलेज फुटबॉलमधल्या ३२३ विजयांचा विक्रम मागे टाकला, तेव्हा गोऱ्या अमेरिकेलाही त्यांचं नाव घ्यावं लागलं. शेवटचा आकडा ४०८. पुढे इतरांनी तो ओलांडला. आकड्यांची तुलना मला इथे पोकळ वाटते. ज्यांना खाणावळीत जेवायला मिळत होतं त्यांचे विजय आणि हे विजय एका तराजूत कसे घालायचे?

अखेरचे तीन हंगाम पराभवाचे गेले. माणसं त्यांनी पायउतार व्हावं असं बोलू लागली. १९९७ च्या हंगामानंतर, सत्तावन्न वर्षांनी, ते थांबले. त्यांच्या जागी आला डग विल्यम्स.