नाव विकत घेताना

खाजगी लेबलच्या ब्रँडमध्ये माल एकाचा असतो आणि नाव दुसऱ्याचे. एखादी दालमिल लातूरला तूरडाळ तयार करते, पुड्यावर मात्र दुसऱ्याच कंपनीचे नाव छापले जाते आणि विक्री ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर होते. असा चालता ब्रँड घेणाऱ्याच्या हाती यंत्रे किंवा जमीन बहुधा येत नाही. त्याला मिळतो ट्रेडमार्क, उरलेला साठा, पुरवठ्याचे करार आणि ग्राहकांचा विश्वास. यातले काय खरोखर हस्तांतरित होते, यावर सौद्याची किंमत ठरायला हवी.

ट्रेडमार्कचा मार्ग सरळ आहे. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार तो लेखी कराराने दुसऱ्याला देता येतो आणि त्याची नोंद निबंधकाकडे करावी लागते. चिन्ह कंपनीच्या नावावर आहे की संस्थापकाच्या वैयक्तिक नावावर, हे आधी तपासावे लागते. खाद्यपदार्थ असेल तर नव्या मालकाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) स्वतःचा परवाना काढावा लागतो आणि परवाना क्रमांक बदलतो, म्हणून जुनी छापील पाकिटे तशीच वापरता येत नाहीत. ॲमेझॉनचे विक्रेता खातेही एका मालकाकडून दुसऱ्याकडे देता येत नाही.

यावर कंपनीचेच शेअर घेण्याचा उपाय सुचवला जातो. कंपनी तीच राहते, त्यामुळे करार आणि नोंदण्या फारशा बिघडत नाहीत. पण जुनी करदेणी आणि दावेही सोबत येतात. फक्त धंदा घेतला तर ती जोखीम कमी होते आणि नोंदण्यांचे काम वाढते. संपूर्ण चालता धंदा हस्तांतरित झाला तर जीएसटी लागत नाही, नुसता ट्रेडमार्क विकला तर लागतो. प्राप्तिकरात २०२०-२१पासून गुडविलवर घसारा मिळत नाही, ट्रेडमार्कवर मिळतो. म्हणून करारात रकमेची विभागणी महत्त्वाची ठरते.

किंमत सहसा वार्षिक नफ्याच्या पटीत सांगितली जाते. तो नफा जाहिरातीचा खर्च, परत आलेला माल, मंचाचे कमिशन आणि मालकाच्या श्रमाचे मोल वजा केल्यावरच खरा असतो. डाळीच्या धंद्यात तुरीच्या भावातील चढउतारही धरावा लागतो, नाहीतर स्वस्त तुरीचे एक वर्ष ब्रँडची कमाई म्हणून विकले जाते.

अमेरिकेतील थ्रासिओ कंपनीने २०१८पासून असे ब्रँड झपाट्याने गोळा केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. करोनाकाळात फुगलेली ऑनलाइन मागणी कायमची समजणे अशा खरेदीदारांना महाग पडले. याउलट मॅरिकोने २०२२ मध्ये पुण्याच्या ट्रू एलिमेंट्स या खाद्यपदार्थांच्या ब्रँडमध्ये सुमारे ५४ टक्के हिस्सा घेतला. संस्थापक धंद्यात कायम राहिले. अनुभव आणि संबंध माणसांत असतात, तेव्हा टप्प्याटप्प्याची खरेदी शहाणपणाची ठरते.

लातूर-नांदेडच्या उद्योजकाची बाजू इथे वेगळी आहे. बाहेरच्या खरेदीदाराकडे भांडवल असते, पण पुरवठा भाड्याचा असतो. दालमिल दुसऱ्याकडे वळली की त्याच्याकडे नाव तेवढे उरते. मोंढ्यातील आडत्यांशी व्यवहार असलेल्या दालमिल मालकाकडे माल असतो, उणीव असते ती नावाची आणि ऑनलाइन विक्रीच्या सरावाची. त्यामुळे तोच ब्रँड त्याच्या हाती अधिक टिकाऊ ठरू शकतो. अट एवढीच, की मिल चालवण्याइतकेच लक्ष जाहिरात, तक्रारी आणि परताव्यांकडेही दिले जावे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सौद्यात येत नाही. बोरसुरी तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच या निलंगा तालुक्यातील उत्पादनांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार हा हक्क विकता, गहाण ठेवता किंवा परवान्याने देता येत नाही. नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यालाच ते नाव आपल्या मालावर लावता येते. विक्रेता कागदोपत्री अशा नावाची किंमत लावत असेल, तर ती किंमत नाकारावी. खरेदीदाराला ते नाव हवेच असेल, तर मानांकित क्षेत्रातील उत्पादकांशी थेट व्यवहार करून ते रीतसर वापरावे लागेल.