नागसेनाचा रथ आणि चॅसिस नंबर

मोटार कधी मेली म्हणायची, हे विम्याच्या धंद्याने ठरवून टाकलेलं आहे. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’. इंजिन चालू होत असलं तरी कागदावर ती गेली. कोलकात्यात मोटार सर्व्हेअर म्हणून मी हेच काम केलं. ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाडीपाशी उकिडवं बसायचं आणि काय उरलंय ते लिहून काढायचं. वय मोजायची आमची तऱ्हाही न्यारी. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांचे पैसे पहिल्या दिवसापासून निम्मे. लोखंडाचं वय सावकाश चढतं: पहिले सहा महिने काही कापायचं नाही, पाच वर्षांपुढे ४० टक्के, दहा वर्षांपुढे निम्मं. काचेला मात्र वयच नाही. वीस वर्षांची काच फुटली तरी घसारा शून्य. एकाच गाडीचे अवयव असे निरनिराळ्या वयाचे असतील, तर गाडीचं स्वतःचं वय कोणतं धरायचं?

सरकारचं उत्तर सोपं आहे: चॅसिस नंबर. इंजिन बदललं तर अर्ज करा, आरसीवर नवा नंबर चढतो. रंग बदलला तरी तेच. चॅसिस नंबर तेवढा हलता कामा नये. माझ्या १९९८ च्या ॲम्बॅसिडरचं इंजिन दुसरं आहे, मागचे दोन्ही दरवाजे मल्लिक बाजारातून आणलेले, रेडिएटर नवा, सीटा तर ओळखू येणार नाहीत अशा. तरी कागदोपत्री ती १९९८ चीच, कारण ठोकून उठवलेले ते आकडे तसेच आहेत. पण आकडे म्हणजे गाडी असं कुणीच मानत नाही. तेवढा पत्र्याचा तुकडा कापून हातात दिला, तर त्यात बसून हाजऱ्याच्या चौकापर्यंतसुद्धा जाता येणार नाही.

गाडी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला कुठल्या गॅरेजात पडलेला नाही. तो मी तेव्हाच्या औरंगाबादेतून घेऊन आलो. बाबासाहेबांनी १९५० मध्ये तिथे जे महाविद्यालय काढलं त्याचं नाव मिलिंद, आणि त्याच्या आवाराला नाव दिलं नागसेनवन. एक प्रश्न विचारणारा राजा, दुसरा उत्तर देणारा भिक्खू. शिकणाऱ्या पोरांनी रोज या दोन नावांमधून ये-जा करावी, ही योजना केवढी विचारपूर्वक होती ते मला पुढे कळलं. मी तिथे सायन्सला होतो, नंतर डिप्लोमा केला आणि नोकरीने इकडे आलो. इकडे आल्यावर कळलं की या शहरात पालीची वाट मराठी माणसाने आधीच तुडवलेली आहे. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०६ च्या सुमारास कोलकात्यात आले आणि इथल्या विद्यार्थ्यांना पाली शिकवू लागले.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला त्या दोघांचा प्रसंग थोडक्यात असा. यवन राजा मिलिंद नागसेनाला विचारतो, नागसेन म्हणजे नेमकं कोण? केस? नखं? दात? विचार? प्रत्येकाला नागसेन नाही म्हणतो. मग तो उलट विचारतो, महाराज, आपण इथवर आलात कसे, पायी की वाहनाने? राजा म्हणतो, रथाने. मग दांडा म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं, सांगाडा, जू, लगाम? नाही. हे सगळं मिळून? तेही नाही. यांच्यावेगळं काही? नाही. मग महाराज, आपण खोटं बोलताय, रथ कुठे आहेच कुठे! राजा सावरतो आणि म्हणतो, या सगळ्यांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालतं, इतकंच. नागसेन म्हणतो, बरोबर, माझंही तसंच.

वाद इथे मिटतो. सर्व्हेअरचं काम मात्र इथून पुढे सुरू होतं, कारण राजाचा रथ धडधाकट होता. तो अडला असता, सगळे भाग शाबूत असूनही हलला नसता, तर नागसेनाने पुढचा प्रश्न काय केला असता? बिघाड कुठे आहे, हा.

रोजच्या तक्रारी घ्या. सकाळी सेल्फ मारला की नुसता टक्‌ आवाज येतो. मालक नवी बॅटरी घ्यायला निघतो. भवानीपुरातला आमचा मिस्त्री आधी बॉनेट उघडून टर्मिनल बघतो. त्यावर निळसर पांढरी बुरशीसारखी पूड चढलेली असते. तो पाना घेऊन आधी मायनसची वायर सोडवतो, मग प्लसची. समोरच्या चहावाल्याकडून वाटीभर कढत पाणी आणतो, त्यात खायचा सोडा टाकतो आणि बॅटरीच्या भोकांत जाऊ न देता बेताने ओततो. फस्स होऊन पूड वाहून जाते, खालचं शिसं चकाकतं. कोरड्या फडक्याने पुसायचं, प्लस आधी, मायनस शेवटी कसायचं, वरून व्हॅसलिनचा हात. ‘एबार मारुन, दादा,’ तो म्हणतो, आणि इंजिन पहिल्या झटक्यात उठतं. बॅटरी चांगली होती, सेल्फ चांगला होता. दोघांच्या मधली वाट तेवढी बुजली होती.

दिवे मंद, सेल्फ सुस्त, आणि टर्मिनल मात्र स्वच्छ? मग अर्थिंग बघा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलंच. दोघांना जोडते ती एक विणलेली पट्टी, आणि तिचा बोल्ट गंजला की सगळं घर अंधारात. गाडी एका बाजूला खेचते तेव्हा चारही टायर सुस्थितीत असू शकतात. दोन बाजूंच्या हवेत फरक असतो, नाहीतर पुढच्या दोन चाकांचं आपसात पटत नसतं. हवा थंड टायरमध्ये तपासावी आणि आकडा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर बघावा, पंपावरच्या पोराला विचारू नये. फॅन बेल्ट ढिला पडला की अल्टरनेटरही उपाशी आणि जुन्या गाडीचं पाणीही उकळतं. आणि इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे शहाण्यालाही पुन्हा सांगावं लागतं.

माझ्या गाडीचं पहिलं १४८९ सीसीचं इंजिन होतं तेव्हा मिस्त्री फीलर गेजच्या पात्याने टॅपेटची फट मोजायचा. ती पंधरा हजारांश इंच हवी, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. जास्त झाली की टकटक, कमी झाली की झडप पुरती मिटत नाही आणि जळते. तिथे कुठलाच भाग नाही. तिथे फक्त मोजून ठेवलेली मोकळी जागा आहे, आणि इंजिन तिच्या जोरावर चालतं. बऱ्याच नव्या गाड्यांत ही फट हाताने लावावी लागत नाही, कॉम्प्युटर आहे, पण गोष्ट तीच. स्कॅनर लावला की अमुक सेन्सर खराब असं दिसतं, सेन्सर बदलला जातो, बिल फाडलं जातं, आणि आठवड्याने तोच दिवा पुन्हा लागतो, कारण बिघाड प्लगच्या सैल पिनेत होता. भाग बदलण्याआधी कनेक्टर काढून, पुसून, पुन्हा घट्ट बसवून बघायला सांगा. यात तुमचा सल्लाही फुकट आणि मिस्त्रीची पाच मिनिटंही.

म्हणून मला नागसेनाच्या यादीत भर घालावीशी वाटते. दांडा, आस, चाकं, जू यांच्यात रथ नाही, हे मान्य. तो आस आणि चाक यांच्या मधल्या वंगणात आहे, जू आणि दांडा यांच्या बांधणीत आहे. भाग एकमेकांशी कसे आहेत, त्याचं नाव रथ. आणि मला वाटतं हे बुद्धाच्या शिकवणीशी फटकून नाही. काहीही एकटं उभं नाही, प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच्या आधाराने घडते, हा तर तिचा गाभा.

मल्लिक बाजार हा याचा उलटा पुरावा. पार्क स्ट्रीट जिथे आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला मिळतो तिथली ही जुन्या सुट्या भागांची पेठ. शेजारीच साउथ पार्क स्ट्रीटची १७६७ ची दफनभूमी. मोडलेल्या गाड्यांचे दरवाजे, गिअरबॉक्स, हेडलाइट इथे रचलेले असतात. एखाद्या दुकानात बघता बघता आख्खी ॲम्बॅसिडर जमेल, एकही भाग कमी पडणार नाही. पण ती गाडी नव्हे. राजाने ‘सगळे मिळून’ला नाही म्हटलं ते का, हे त्या ढिगासमोर पोथीशिवाय कळतं.

नावाचं काय होतं तेही या शहराने पाहिलं. गंगेपलीकडे उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना. त्याच्यावरून रेल्वे स्टेशनचंच नाव हिंदमोटर पडलं. १९५७ पासून तिथे ॲम्बॅसिडर निघत होती, २०१४ च्या मे महिन्यात काम थांबलं. २०१७ मध्ये ‘ॲम्बॅसिडर’ हे नाव पूझो या फ्रेंच कंपनीला ८० कोटींना विकलं गेलं. गाडी बंद, कारखाना बंद, आणि नावाला ८० कोटी! रथ हे केवळ नाव आहे म्हणणाऱ्या राजाला हा व्यवहार दाखवायला हवा होता. पिवळ्या टॅक्सीही आता सरत चालल्या. २००८ च्या हायकोर्टाच्या आदेशानंतर इथे व्यावसायिक गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा आली, आणि तेव्हापासून टॅक्सीचं मरण तिच्या अवस्थेवर अवलंबून राहिलं नाही, तारखेवर गेलं.

आता अवघड भाग. सगळं नातंच असेल, आत कायमचं कुणी नसेल, तर जबाबदारी कुणाची? मिलिंदानेही हे विचारलं होतं, आणि नागसेनाने त्याला आंबेचोराचा दाखला दिला. चोर म्हणतो, याने लावला तो आंबा वेगळा, मी तोडला तो वेगळा. राजा म्हणतो, तरी तो गुन्हेगारच, कारण दुसरा आंबा पहिल्यातूनच आला. आमच्या धंद्यात ही भानगड नो-क्लेम बोनसने सोडवलेली आहे. ओळीने पाच वर्षं दावा न करणाऱ्याला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट, आणि ही सूट गाडीची नसते, माणसाची असते. गाडी विका, नवी घ्या, सूट तुमच्या मागे येते. जुनी गाडी घेणाऱ्याला ती मिळत नाही. चालवण्याची सवय सलग राहते. एवढ्या सलगतेला एखादा न बदलणारा मालक आत बसलेला असावा लागत नाही.

पावसाळ्यात ही जबाबदारी फार महाग पडते. ठनठनिया, ॲमहर्स्ट स्ट्रीट, कॉलेज स्ट्रीट इथे तासाभराच्या पावसात गुडघाभर पाणी साचतं. गाडी पाण्यात बंद पडली तर नुकसान बहुधा थोडं असतं. ते वाढतं पुढच्या अर्ध्या मिनिटात, मालक घाबरून पुन्हा सेल्फ मारतो तेव्हा. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. उघडलेल्या इंजिनात तो धनुष्यासारखा वाकलेला पाहिला की मला लिहावं लागे की पाण्याने इंजिन बंद पडलं आणि माणसाने ते मोडलं. वेगळं ‘इंजिन प्रोटेक्ट’ कव्हर नसेल तर सहसा हे पैसे मिळत नाहीत. तेव्हा सेल्फला हात लावू नये, गाडी ढकलून बाहेर काढावी, प्लग काढून पाणी बाहेर येऊ द्यावं. पाणी ओलांडून आलात तर हळू चालवत ब्रेक हलकेच दाबत राहावा, लायनर सुकेपर्यंत. घाबरलेल्या त्या अर्ध्या मिनिटाचं कर्म आणि लाखाचं बिल, यांच्यात आत्म्याला शिरायला जागाच नाही, तरी हिशोब चोख लागतो.

सप्टेंबरात इथे विश्वकर्मा पूजा येते. गॅरेज, टॅक्सी स्टँड, रिक्षा स्टँड, सगळीकडे छोटे मांडव आणि आकाशभर पतंग. आमच्याकडे दसऱ्याला गाड्यांना झेंडूच्या माळा घालतात, तसाच हा सण. माझ्या घरात दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. गाडीला हार नसायचा, वंदना असायची आणि वडील मुलांना नवी वही द्यायचे. तरी मिस्त्रीने बोलावलं की मी खिचुरीला जातो. मूर्तीपुढे हात जोडत नाही, त्यालाही ते ठाऊक आहे, आणि आमच्यात त्यावरून कधी शब्द झालेला नाही. मला आदल्या संध्याकाळचा तास आवडतो. सगळे पाने रॉकेलने धुतात, पुसतात, तेल लावून मापाप्रमाणे ओळीने मांडतात. हरवलेला तेरा-चौदाचा पाना नेमका त्या दिवशी सापडतो. वर्षभर हातात असलेल्या वस्तूंकडे त्या दिवशी मुद्दाम बघितलं जातं. बघण्याच्या या शिस्तीला देवाची गरज आहे की नाही, यावर आम्ही दोघं वेगळं बोलू. शिस्तीवर दुमत नाही.

माझ्या स्वतःच्या यादीत आता एक कृत्रिम गुडघा आहे, डोळ्यात लेन्स आहे. नागसेनाने केस-नखं मोजली, माझ्या वेळी हॉस्पिटलचं बिल मोजतील. पण माझ्यातलं काय चाललं आणि काय अडलं, ते मी भागांवरून सांगू शकणार नाही. बायकोशी बोलणं किती ढिलं पडलंय, लातूरच्या भावाशी वाट किती बुजलीय, मिस्त्रीशी कितपत खेळतं आहे, यावरून सांगू शकेन.

आत काहीतरी अढळ, अविनाशी आहे असं ज्याला वाटतं, त्याला थोडा आळस परवडत असेल. बाहेरचं बिघडलं तरी आतलं शाबूत आहे असं तो म्हणू शकतो. नागसेनाचं पटलेल्या माणसाला ती सोय नाही. त्याच्याजवळ जोडण्यांखेरीज काही नाही, आणि जोडण्या वापराने ढिल्या होतात. म्हणून माझं मत असं की अनात्मवाद्याने सर्व्हिसिंगची तारीख इतरांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळावी.