आरोप कोणाचा?

इंग्रजीत कोणावर ठपका ठेवायचा तर बातमीदाराच्या हाताशी अ‍ॅलिगेशन, अ‍ॅक्युझेशन, चार्ज असे शब्द असतात. घाईत एकाच्या जागी दुसरा सहज खपतो. अ‍ॅलिगेशन म्हणजे अजून सिद्ध व्हायचे असलेले विधान. अ‍ॅक्युझेशनमध्ये कोणीतरी एखाद्याकडे थेट बोट दाखवलेले असते. फौजदारी चार्ज मात्र ज्याला कायद्याने अधिकार दिला आहे त्यानेच ठेवायचा. यांतला कोणता शब्द सौम्य आणि कोणता कडक, या हिशेबाने निवड करणे मला चुकीचे वाटते. विधान कोणाचे आहे आणि ते खोटे ठरले तर जाब कोणाला विचारायचा, हे शब्दातून कळले पाहिजे.

जुलै १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी सेंटेनियल पार्कात बॉम्ब फुटला. बाकाखालची बेवारस पिशवी आधी पाहिली ती रिचर्ड ज्युएल या सुरक्षारक्षकाने. लोकांना तिथून हलवायलाही त्याने मदत केली. तीनच दिवसांनी अटलांटाच्या वृत्तपत्राने छापले की एफबीआयला त्याच्यावरच संशय आहे. त्याच्यावर चार्ज कधीच ठेवला गेला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारी वकिलांनी पत्र देऊन तो तपासाचे लक्ष्य नसल्याचे कळवले, आणि २००५ मध्ये एरिक रुडॉल्फने गुन्हा कबूल केला. यावर कोणी म्हणेल, शब्द तर अचूक होता! एफबीआयला संशय होताच. जॉर्जियाच्या अपील न्यायालयानेही २०११ मध्ये वृत्तपत्राच्याच बाजूने निकाल दिला. आक्षेप वजनदार आहे. अचूक शब्दाने माणूस वाचतोच असे नाही, हे मान्य करावे लागते. पण तो संशय तपास यंत्रणेच्या नावासकट छापला गेला होता, म्हणूनच पुढे सरकारला तो जाहीरपणे मागे घ्यावा लागला.

उलट बाजू २००२ मध्ये दिसली. अँथ्रॅक्सचे जंतू घातलेल्या पत्रांच्या तपासात अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी स्टीव्हन हॅटफिल या शास्त्रज्ञाला ‘पर्सन ऑफ इंटरेस्ट’ म्हटले. ऐकायला हे ‘सस्पेक्ट’पेक्षा मवाळ. पण कायद्यात त्याची व्याख्याच नाही, त्यामुळे ते लावायला किती पुरावा लागतो हे कोणी सांगू शकत नाही आणि ते केव्हा उतरते हेही नाही. हॅटफिल यांच्यावर चार्ज आला नाही; २००८ मध्ये सरकारने सुमारे ५८ लाख डॉलर देऊन त्यांचा दावा मिटवला. मवाळ शब्दाने लोकांचा संशय रतीभरही कमी केला नव्हता.

दुसरा आक्षेप पीडितांच्या बाजूचा आहे: प्रत्येक वाक्यात ‘अलेज्ड’ घातले की तक्रार करणारीच खोटारडी वाटते. हे खरे आहे, आणि दोष शब्द कुठे लावला याचा आहे. बॉम्ब फुटला, माणसे जखमी झाली, याला ‘कथित स्फोट’ म्हणणे मूर्खपणाचे. वाद कोणी केले याचा असेल तर ‘कथित’ तिथेच लागावे.

मराठी बातम्यांत ही खबरदारी आणखी लागते, कारण ‘आरोप’ या एकाच शब्दावर आपण तिन्ही अर्थ भागवतो. शिवाय भारतीय इंग्रजीतला ‘चार्ज’ दोन जागी येतो. ज्याला आपण चार्जशीट म्हणतो तो कायद्याच्या भाषेत पोलिसांचा अहवाल. आरोप निश्चित करते न्यायालय, आणि तेही नंतर. ‘आरोपपत्र दाखल’ वाचून मात्र न्यायालयाने काही ठरवले असा पुष्कळांचा समज होतो. उपसंपादकांना माझी विनंती आहे: ‘आरोप आहे’ एवढ्यावर वाक्य संपवू नका. तो फिर्यादीचा, पोलिसांचा की न्यायालयाने निश्चित केलेला, हे त्याच वाक्यात लिहा.