शेताचा कोपरा कोणाचा?



शेत कापताना कोपरे पुरते कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये, तो गरीब व परदेशी यांच्यासाठी राहू द्यावा, अशी आज्ञा लेवीयच्या 19 व्या अध्यायात आहे. याच आज्ञेच्या आधारे रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचावयास गेली. ती भीक मागत नव्हती. देवाच्या नियमशास्त्राने गरिबास दिलेला वाटा घेत होती.

यहूदी लोक दानाला ‘त्सदाका’ म्हणतात. नीतिमत्त्व व न्याय या अर्थाच्या इब्री शब्दापासून हा शब्द आला आहे. देणे हा उपकार नव्हे, न्याय होय. म्हणून दानावर जगणाऱ्यानेही यथाशक्ती दान करावे, असे त्यांचे शास्त्री शिकवीत.

ही जबाबदारी त्यांनी साऱ्या समाजाची मानली. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथात गरिबांसाठी दोन सोयी सांगितल्या आहेत : एक रोजच्या अन्नाची, दुसरी आठवड्याच्या निधीची. निधी दोघांनी गोळा करावा व तिघांनी वाटावा, असा नियम होता. यरुशलेमेच्या मंदिरात तर एक गुप्त खोली होती. देणारे तेथे गुपचूप ठेवीत आणि चांगल्या घराण्यातील गरीब गुपचूप घेत. पुढे बाराव्या शतकात मायमोनिडीझ या यहूदी पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी ही, की गरजवंताला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करावे की त्याला पुन्हा मागावेच लागू नये.

आता आपण स्वतःकडे पाहू या. नाताळात आपण विधवेला साडी देतो; पण तिचे नाव भर सभेत पुकारतो. ती मान खाली घालून पुढे येते आणि आपण टाळ्या वाजवितो. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असे प्रभूने शिकविले. आपण ते ध्वनिक्षेपकावरून सांगतो! तिच्या मुलाला काम मिळवून देण्यासाठी आपल्यापैकी किती जण झटले?

बवाजाने रूथसाठी कोपरा सोडला, तो नियम होता. पण पेंढ्यांतून मूठमूठ कणसे मुद्दाम टाका आणि तिला धमकावू नका, असे त्याने गड्यांना सांगितले, ते स्वखुशीचे देणे होते. तिची झोळी भरली, पण मान खाली गेली नाही. शब्बाथशाळेत रूथची गोष्ट सांगताना मुलांना हे अवश्य दाखवू या आणि मंडळीत आपण तसेच वागू या.

तसे अंतःकरण प्रभू आपणांस देवो. आमेन.