अर्धा तास तिच्या वाट्याचा

बाईला दिवस गेले की तिच्या शरीरावर सगळ्यांचा हक्क सुरू होतो. सासूबाई म्हणतात, "दोन जिवांची आहेस, जिना चढउतार करू नकोस." शेजारच्या काकू सांगतात, "खाली बसून फरशी पूस, बाळंतपण सोपं जाईल." डॉक्टर म्हणतात, रोज चाला. भाईंदर पूर्वेच्या गोडदेवमधल्या बिनलिफ्टच्या इमारतींत हे तिन्ही सल्ले एकाच बाईला एकाच आठवड्यात ऐकावे लागतात. सांगणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण आधी तिचा दिवस कसा गेला हे विचारून मग सल्ला देणारे फार थोडे.

डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे. गरोदरपणात वारेतून सुटणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा जोर कमी पडतो आणि काही जणींच्या रक्तात साखर साठते. हाच गरोदरपणातला मधुमेह. ही साखर बाळापर्यंत पोचते, बाळ अवाजवी वाढू शकतं आणि जन्मल्यावर त्याची साखर एकाएकी घसरू शकते. आपल्याकडच्या बायकांना या मधुमेहाचा धोका मुळातच जास्त. चालताना पायांचे स्नायू तीच साखर वापरतात. 2018 साली अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हा गरोदरपणात व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये हा मधुमेह आणि रक्तदाबाचे विकार यांची शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला. मध्यम म्हणजे चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणायला दम पुरू नये, इतपत. प्रकृती ठीक असेल तर चालण्याने गर्भ पडतो ही भीती सोडून द्यावी. मात्र वार खाली असेल, रक्तस्राव होत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नये. चालताना चक्कर आली, पोटात कळा आल्या, अंगावरून पाणी गेलं, तर लगेच दवाखाना गाठावा.

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्याच मातीतली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांच्यासह अनेक संशोधकांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. त्या काय खातात हे तर पाहिलंच. पण शेतात किती राबतात, पाणी किती वाहतात, धुणी किती धुतात, हेही नोंदवलं. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: जिला कष्ट जास्त, तिचं बाळ वजनाने कमी आणि त्याच्या डोक्याचा घेरही लहान. या बायका आधीच कृश होत्या. पोटात पुरेसं अन्न नसताना केलेल्या कष्टाची किंमत बाळाने मोजली. त्यांना व्यायाम सांगायची गरज नव्हती. त्यांना हवी होती भाकरी आणि दुपारची पडी.

गोडदेवमध्ये या दोन्ही बाजूंच्या बायका एकाच गल्लीत राहतात. एक दिवसभर संगणकासमोर बसते आणि नाक्यापासून घरापर्यंतही रिक्षाने येते. पायी यावं तर पदपथ मोकळा नसतो. दुसरी भाईंदर पूर्वेच्या एखाद्या गाळ्यात पॅकिंगच्या टेबलाशी उभी असते. सातव्या महिन्यात संध्याकाळपर्यंत तिचे पाय असे सुजतात की जोडवी बोटांत रुततात, साबण लावूनही निघत नाहीत. घरी आल्यावर पाणी भरणं आणि स्वयंपाक आहेच. पहिलीने चालावं, दुसरीने पाय वर करून पडावं. दोघींनाही लागतो तो स्वतःचा अर्धा तास, आणि तो घरातल्या, कामावरच्या कोणीतरी आपल्या वेळातून, आपल्या नफ्यातून दिल्याशिवाय मिळत नाही. माझ्या मते गरोदरपणातल्या व्यायामाचा खरा नैतिक प्रश्न हाच आहे.

तो नवाही नाही. 1928 साली मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. 1929 मध्ये कायदा झाला. पुढे 1961 च्या कायद्याने एक साधी गोष्टही लिहून ठेवली: शेवटच्या महिन्यांत बाईने मागणी केली, तर तिला जड किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येणार नाही. पण नोकरी जाईल ही धास्ती असताना मागणी करणार कोण? म्हणून तिने मागेपर्यंत इतरांनी वाट पाहू नये.

गाळेमालकांनो, टेबलाशी एक स्टूल ठेवा. नवरेमंडळींनो, रात्रीची भांडी तुम्ही घासा. ती दिवसभर बसून असेल तर जेवणाआधी तिच्याबरोबर फिरून या, आणि उभी असेल तर तिला झोपू द्या. आणि गोडदेवच्या काकूंनो, पुढच्या वेळी सल्ला देण्याआधी एवढंच विचारा: "आज किती वेळ उभी होतीस गं?"