एका किल्लीचा प्रश्न

२००१ साली आलेल्या 'द फास्ट अँड द फ्युरियस' या चित्रपटातील नारिंगी टोयोटा सुप्रा आपल्या तरुणांना चांगलीच ठाऊक आहे. भंगारातून आलेल्या या गाडीला लॉस एंजेलिसच्या एका गॅरेजमध्ये सर्वांनी मिळून नवे रूप दिले. ब्रायन हा ओळख लपवून आलेला पोलीस. शर्यत हरल्यामुळे तो डॉमला एक गाडी देणे लागत होता. शेवटी डॉमला अटक करण्याची वेळ येते, पोलिसांचे भोंगे जवळ येतात, आणि ब्रायन त्याच्या हाती सुप्राची किल्ली ठेवतो.

शब्द पाळला म्हणून आपल्याला बरे वाटते. पण ज्या ट्रकचालकांना डॉमच्या टोळीने लुटले, त्यांचे काय? गाडी ब्रायनने द्यावी. न्याय मात्र त्याच्या एकट्याचा नव्हता. ज्याचे नुकसान झाले, त्याला न विचारता आपण परस्पर क्षमा करू शकतो का?

चित्रीकरणातील अशी एक सुप्रा २०२१ मध्ये लिलावात साडेपाच लाख डॉलरला विकली गेली. त्या ट्रकचालकांची आठवण मात्र कुणाला नाही. 'आपला माणूस' म्हणून कुणाची चूक झाकताना, तिची झळ कोणाला बसली हे आपण आधी पाहूया.